लाईव्ह शोसाठी टच कंट्रोलर बनवतेय: हॉलवर पॅड आपोआप वाजतात, शिवाय उशीर आणि मॅपिंगची भांडणं

खर्ज (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे सर्किटवाले पण आहेत आणि गाणारे-वाजवणारे पण, म्हणून सगळं एकाच धाग्यात विचारते. लांब झालंय, चहा घेऊन बसा.

आम्ही दोघी मिळून लाईव्ह ऑडिओव्हिज्युअल करतो. मी आवाज सांभाळते, प्युअर डेटावर (आवाज बनवायचं सॉफ्टवेअर), आणि मैत्रीण चित्र सांभाळते, टचडिझायनरवर (लाईव्ह चित्राचं सॉफ्टवेअर). तयार पॅडवाले कंट्रोलर वापरून झाले पण त्यात मींड कुठून घेणार, नॉब फिरवून मींड घ्यायची म्हणजे नळ सोडल्यासारखं वाटतं, आणि प्रेक्षकाला तर काय चाललंय तेच कळत नाही. म्हणून स्वतःच बनवायला घेतलाय. सागाच्या फळीवर तांब्याचे आठ पॅड आणि दोन लांब पट्ट्या, सगळ्यावर ३ मिमी ॲक्रिलिक. पॅडना एमपीआर १२१ ही टच चिप, पट्ट्यांना ट्रिल क्राफ्ट हा टच बोर्ड (तीस चॅनल, म्हणजे पट्टीला पंधरा), मधे रास्पबेरी पाय पिको (छोटा प्रोसेसर बोर्ड) आणि तिथून यूएसबी मिडी (वाद्याचे संदेश पाठवायची पद्धत) लॅपटॉपला. आवाज आणि चित्र दोन्ही याच एका खोक्यावरून चालवायचंय.

आता रडगाणं. घरी लोण्यासारखं चालतं. हॉलवर टेक्निकलला (शोआधीच्या तांत्रिक तालमीला) लावलं आणि एलईडी वॉल चालू झाल्या झाल्या दोन पॅड आपोआप वाजायला लागले, मग चार. लॅपटॉपचा चार्जर काढला तर आपोआप वाजणं थांबलं पण मग बोट दाबून दाबून ठेवावं लागायला लागलं, नुसत्या स्पर्शाला पॅड ढिम्म. म्हणजे चार्जर लावला तरी पंचाईत, काढला तरी पंचाईत.

दुसरं, उशीर. पॅड वाजवला की आवाज किंचित मागून येतो असं वाटतं. वाटतं म्हणजे नक्की किती ते मोजायचं कसं हेच माहीत नाही. आणि तिसरं, आमच्या दोघींचं भांडण: चित्र बोटाने हलवायचं की आवाजाने? यावर पण मतं हवीत, फक्त सर्किटवर नकोत.

तीनपिन

चार्जर दोन पिनचा आहे का तीन? आणि तीनचा असेल तर हॉलच्या बोर्डात अर्थिंग खरंच आहे का, का नुसतंच तिसरं भोक?

ढोलकीचा_नाद

एक बेसिक शंका, राग मानू नका. मुळात टच का? बोट किती जोरात आलं हे टचला कळतच नाही. ढोलकीवर हलकी थाप आणि खणखणीत थाप यात जो फरक आहे तो सगळा इथे गायब. प्लायवूडखाली पिएझो चिकटवा, ठोक्याची वीज करणारी वीस-तीस रुपयांची चकती, जोर पण कळतो आणि उशीर पण नाही.

खर्ज

@तीनपिन तीन पिनचा आहे, पण हॉलवर स्टेजपर्यंत जे एक्स्टेंशन येतं ते दोन पिनवाल्या कन्व्हर्टरमधून. लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात, तेव्हा अर्थिंगचा निकाल लागलाच म्हणा.

@ढोलकीचा_नाद राग कसला. पिएझोला फक्त ठोका कळतो. बोट ठेवून बसलेय, हळूहळू सरकवतेय, उचललं, हे त्याला कळत नाही आणि माझं निम्मं काम तेच आहे. ठोक्यासाठी टच कच्चा पडतो हे मान्य.

पिकोफॅरड

हॉलवरच्या गोंधळाचं सांगतो, जरा लांब होईल.

आधी हे लक्षात घ्या की या प्रकारच्या टचमध्ये चिप बोट बघत नाही, पॅड आणि स्वतःचं ग्राउंड यांच्यातली कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता, पिकोफॅरडमध्ये मोजतात) किती वाढली ते बघते. ती वाढ होते कशी, तर पॅडकडून बोटात, बोटातून अंगात, अंगातून जमिनीत आणि जमिनीतून परत सर्किटच्या ग्राउंडला असा फेरा पूर्ण होतो म्हणून. तुमच्या दोन्ही तक्रारी या फेऱ्याच्याच आहेत.

चार्जर काढला की लॅपटॉप आणि कंट्रोलर दोघंही हवेत लटकतात. जमिनीशी नातं तुटलं, फेरा अर्धवट, म्हणून बोटाचा परिणाम दुबळा दिसतो. चार्जर लावला पण अर्थिंग नाही, तर चार्जरच्या आतल्या फिल्टर कपॅसिटरमधून थोडी गळती होते आणि लॅपटॉपचं ग्राउंड ५० हर्ट्झला वरखाली नाचत राहतं. तुम्हाला येणाऱ्या मुंग्या त्याच. त्यात चार्जरच्या आणि एलईडी वॉलच्या स्विचिंग सप्लायचा वरच्या फ्रीक्वेन्सीचा कचरा. चिपच्या दृष्टीने तुमचं अंगच नाचतंय, त्यामुळे बोट पॅडपासून इंचभर लांब असलं तरी तिला आलं-गेलं आलं-गेलं असं दिसतं.

उपाय स्वस्त आहे. फळीच्या पुढच्या कडेला, जिथे तुमचा तळहात टेकतो तिथे, तांब्याची किंवा स्टीलची पट्टी लावा आणि ती सर्किटच्या ग्राउंडला जोडा. थेट नको, मधे १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. आता तळहात टेकला की तुमचं अंग आणि सर्किट एकाच तालावर नाचतात, दोघांत फरक उरत नाही, आणि चिपला फक्त बोट दिसतं. मेगाओहम मधे असल्यामुळे मुंग्या नाहीत. अँटीस्टॅटिक मनगटी पट्ट्यात पण तोच १ मेगाओहम असतो. मात्र ही पट्टी हॉलच्या अर्थिंगला वगैरे स्वतः वायर ओढून जोडू नका, कारण त्या तिसऱ्या भोकात काय आलंय हे तुम्हाला माहीत नसतं.

दुसरं म्हणजे ३ मिमी ॲक्रिलिक जाड आहे हो. हिशोब करून बघा. बोटाचा टेकलेला भाग साधारण १ चौरस सेंटीमीटर, ॲक्रिलिकचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३ च्या आसपास, तर ३ मिमीला जेमतेम ०.९ पिकोफॅरड मिळतात आणि १ मिमीला २.७ च्या आसपास. म्हणजे जाडी कमी केली की तिप्पट सिग्नल फुकटात. वायर आणि सर्किट बोर्डाचेच दहा-वीस पिकोफॅरड आधी बसलेले असतात, त्यातून हे ०.९ वेगळे काढायचे म्हणजे चिपला त्रास. आणि ॲक्रिलिक नुसतं वर ठेवू नका, पातळ दुहेरी टेपने पूर्ण चिकटवा, मधे हवेचा थर राहिला तर सगळं पाण्यात.

मांडवीकाठ

+१ @पिकोफॅरड.

पाण्यावरून आठवलं. आमच्याकडे पणजीला जूनमध्ये हे असलं काही वाजवून दाखवा म्हणते मी! दमटपणाचा आणि घामाचा पातळ थर ॲक्रिलिकवर बसतो आणि शेजारशेजारचे पॅड एकमेकांत बोलायला लागतात, एक वाजवला की तीन वाजतात. पॅडमधली जागा वाढवा, शक्य असेल तर मधून ग्राउंडची बारीक रेघ फिरवा, थोडी सेन्सिटिव्हिटी जाईल पण शेजार तुटेल. पॅडच्या खालच्या थरात अख्खं ग्राउंड भरू नका मात्र, जाळी ठेवा, नाहीतर पॅडचा सगळा जोर खालीच जातो.

पट्टीवर बोट सरकायला कॅरमची पावडर चिमूटभर. तबलावाले टाल्कम लावतातच की हाताला, तेच. घामाने बोट अडकत अडकत सरकतं त्याने मींड फाटते, ते सॉफ्टवेअरमध्ये कितीही स्मूद करा जात नाही.

आणि खर्ज लावून ठेवायची सवय असेल (नावावरून वाटतंय) तर एक बघा, काही टच चिप बोट बराच वेळ ठेवलं की त्यालाच नवीन शून्य समजतात आणि स्वर आपोआप सुटतो. टच चालू असताना बेसलाईन हलू द्यायची नाही अशी सेटिंग असते, ती शोधा.

खर्ज

अरे वा, स्वर सुटायचा तो प्रकार एका स्वस्त चिपवर बघितलाय मी, कारण आज कळलं. तळहाताची पट्टी याच आठवड्यात लावते. आता कुणीतरी उशिराचं सांगा.

बर्लिनचा_वडापाव

उशीर मोजायला यंत्र लागत नाही. पॅडच्या शेजारी एक पिएझो टेपने चिकटव, तो साउंडकार्डच्या डाव्या चॅनलला. सिंथचा (प्युअर डेटातून निघणाऱ्या आवाजाचा) आउटपुट उजव्या चॅनलला. ऑडॅसिटीत (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) दोन्ही एकदम रेकॉर्ड कर आणि शंभरेक ठोके वाजव. डावीकडे नखाची टक दिसेल, उजवीकडे स्वर सुरू होताना दिसेल, मधलं अंतर म्हणजे तुझा एकूण उशीर, चिपपासून स्पीकरच्या वायरपर्यंतचा सगळा. नुसती सरासरी काढू नकोस, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त पण लिही. वेसल आणि राइट या बर्कलीच्या दोघा संशोधकांनी २००२ मध्येच मांडून ठेवलंय की वाद्य म्हणून वाजवायचं तर उशीर १० मिलिसेकंदांच्या आत हवा आणि त्याचं कमीजास्त होणं १ मिलिसेकंदाच्या आसपास. हातांना स्थिर उशिराची सवय होते, डळमळत्या उशिराची होत नाही, वाजवणारा माणूस सारखा लय शोधत राहतो.

आता तुझ्याकडे उशीर कुठे साचत असेल. एमपीआर १२१ चालू होते तेव्हा दोन सॅम्पलमधलं अंतर १६ मिलिसेकंद असतं, ते बॅटरीवरच्या बटणांसाठी ठीक आहे, वाद्यासाठी नाही. तू वापरतेस त्या लायब्ररीने ते १ वर आणलंय का बघ, काही आणतात, काही नाही. मग डिबाउन्स, म्हणजे स्पर्श खरा आहे याची खात्री करायला चिप थांबते तो वेळ. मग प्युअर डेटाचा बफर, म्हणजे आवाज साठवून पाठवायचा तुकडा: ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा ब्लॉक म्हणजे २.७ मिलिसेकंद, पण प्युअर डेटाच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डिले म्हणून वेगळा आकडा असतो, तो लोक बघतच नाहीत. यूएसबी मिडी स्वतः फार खात नाही. जुन्या पाच पिनच्या मिडी केबलवर मात्र एक नोट जवळजवळ १ मिलिसेकंद घेते, तीन बाइट आणि वेग ३१२५० बॉड.

खोक्यात पॅडखाली रंगीत एलईडी लावलेत का? डब्ल्यूएस २८१२ जातीचे? एका एलईडीला ३० मायक्रोसेकंद लागतात, साठ असले की जवळजवळ २ मिलिसेकंद प्रोसेसर त्यातच अडकतो, निदान साध्या लायब्ररीत. पिकोमध्ये ते काम पीआयओला (प्रोसेसरला न अडवता पिना चालवणारा वेगळा भाग) देता येतं, ते दे.

खर्ज

लावलेत. साठ नाहीत, चोवीस. पण पूर्ण पांढरे केले की पॅडच्या आकड्यांना धक्का बसतो हे मला आधीच दिसत होतं, मी म्हटलं योगायोग.

पिकोफॅरड

योगायोग नाही. पूर्ण पांढरा एक एलईडी ६० मिलिअँपिअरपर्यंत खेचतो, चोवीसचे झाले १.४ अँपिअर, ते यूएसबीतून घेताय म्हणजे पिकोचा पुरवठाच हलणार. एलईडीला वेगळा सप्लाय द्या, ग्राउंड एकाच ठिकाणी जोडा आणि एलईडीची डेटा वायर पॅडच्या वायरींपासून लांब ठेवा.

लयदार

मींडेबद्दल कुणी बोललंच नाही. साधा मिडी कंट्रोल ० ते १२७ असतो. एक सप्तक म्हणजे १२०० सेंट (सुराचं बारीक माप), भागिले १२८, म्हणजे एक पायरी ९ सेंटच्या वर. सुराच्या कानाला ती पायरी ऐकू येते, करकर करत जिना चढल्यासारखी मींड येते. पिच बेंड (सूर वरखाली सरकवणारा मिडी संदेश) १४ बिटचा असतो, १६३८४ पायऱ्या, तोच वापरा, बेंडची रेंज ४८ सेमीटोन (अर्धे स्वर) वर आणि ४८ खाली ठेवली तरी एक पायरी अर्ध्या सेंटच्या जरा वर पडते, ती काही ऐकू येत नाही. दोन पट्ट्या आहेत तर प्रत्येकीला वेगळा मिडी चॅनल द्या, एमपीई म्हणतात तेच, २०१८ पासून अधिकृत मिडीत आहे. किंवा मिडी सोडूनच द्या आणि ओएससीने (नेटवर्कवरून संदेश पाठवायची दुसरी पद्धत) पाठवा, त्यात सरळ दशांश आकडा जातो.

आणि पट्टीचे पंधरा इलेक्ट्रोड चौकोनी कापले असतील तर बोट एका तुकड्यावर असताना शेजाऱ्याला काहीच कळत नाही आणि सूर तिथल्या तिथे चिकटतो. करवतीच्या दातांसारखे एकमेकांत घुसवा म्हणजे बोट कायम दोन-तीन इलेक्ट्रोडवर पडेल, मग त्यांच्या आकड्यांची भारित सरासरी काढली की जागा बारीक मिळते.

अर्धवट_इंजिनियर

स्मूदिंगला एक-युरो फिल्टर बघा, २०१२ चा आहे, कोड पानभर पण नाही. बोट स्थिर असलं की जास्त गाळतो म्हणून सूर थरथरत नाही, बोट पळायला लागलं की कमी गाळतो म्हणून मागे पडत नाही. दोनच आकडे जुळवायचे असतात, पहिला स्थिर बोटावर लावा, दुसरा झटक्यावर.

दादरचा_जुना

अवांतर: ही काही आजची खाज नाही. डॉन बुकला या अमेरिकन वाद्य बनवणाऱ्याने साठच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या टेप म्युझिक सेंटरसाठी जो सिंथ बनवला त्यात पियानोचा कीबोर्ड ठेवलाच नाही, धातूच्या स्पर्शपट्ट्याच ठेवल्या, कारण काळी-पांढरी आली की हात जुनीच गाणी वाजवतो असा त्याचा हिशोब. आणि आपल्याकडे अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडरने येऊन मूग सिंथ बसवला होता, हे आपल्यातल्या कित्येकांना माहीतच नाही.

ढोलकीचा_नाद

हे माहीत नव्हतं, भारी. पण माझा मुद्दा तसाच आहे, ठोक्याचं काय?

पिकोफॅरड

दोन्ही लावा की राव. ॲक्रिलिकखाली मधोमध एक पिएझो, फळीचा सगळा ठोका त्याला कळतो. कुठल्या पॅडवर बोट आलं ते टच सांगेल, किती जोरात आलं ते पिएझो सांगेल. पिएझोची टक आधी येईल, टच २-३ मिलिसेकंद मागून, तेवढं थांबायचं आणि मग नोट सोडायची.

ढोलकीचा_नाद

हे पटलं 👍

चित्रकथी

आता भांडणाबद्दल, मी चित्रवाला आहे म्हणून चित्राच्या बाजूने बोलतो. चित्र थेट बोटाला जोडू नका, आवाजाला जोडा. बोट पॅडवर आलं की प्रकाश भपकन लागला हे पाच मिनिटं छान दिसतं, मग प्रेक्षकाला कळून जातं की हे दिव्याचं बटण आहे. आवाजाला जी शेपटी असते, घुमणं असतं, विरणं असतं, ते चित्रात यायला हवं आणि ते बोटात नसतंच, बोट तर केव्हाच उचललेलं असतं.

बर्लिनचा_वडापाव

मग कंट्रोलर कशाला, आवाजावर नाचणारं चित्र तर वीस वर्षांपूर्वी प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर गाणी लावली की दिसायचंच. फक्त आवाज ऐकून चित्राला हे कळत नाही की वाजवणारीने आत्ता मुद्दाम काहीतरी केलं. दोन स्वर एकाच जोराचे असतील, पण एक पट्टीच्या टोकाला थरथरत लागलाय आणि एक सरळ. तो फरक चित्रात दिसला तर समोरच्याला हात आणि पडदा यांचं नातं लागतं.

चित्रकथी

टोकाला थरथरतंय हे आवाजाच्या सुरातून पण काढता येतं.

बर्लिनचा_वडापाव

येतं, उशिराने आणि चुकत चुकत. माझ्या हातात तोच आकडा स्वच्छ पडलेला असताना तो आवाजात घोळवून परत का शोधायचा?

खर्ज

हे भांडण आमच्या घरी रोज होतं, शब्दाला शब्द सेम 😄

एक गोष्ट यात कुणी धरली नाही ती प्रोजेक्टरची. मोबाईलच्या स्लो मोशनने, २४० फ्रेमवर, बोट आणि पडदा एकाच चौकटीत घेऊन शूट केलं. एक फ्रेम म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या जरा वर, त्या मोजल्या. हॉलच्या प्रोजेक्टरवर ऐंशीच्या आसपास मिलिसेकंद लागतात, एकट्या ग्राफिक्सला ६० फ्रेमने एका फ्रेमचे १६.७, बाकी सगळं प्रोजेक्टर आणि मधल्या स्विचरचं. म्हणजे आवाज आधी, चित्र मागून. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीत असं आहे की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला की माणसाला खटकायला लागतं, पण मागून आला तर १२५ पर्यंत चालतं. मजा म्हणजे शेवटच्या रांगेला, १५ मीटरवर, आवाजच ४४ मिलिसेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे त्यांना सगळं जुळलेलं दिसतं आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना विस्कटलेलं.

आवाज मी उशिरा करू शकत नाही, मग मला वाजवताच येणार नाही. म्हणून आम्ही असं ठरवलंय: ठोक्याला चित्रात भपकन काही करायचं नाही, जे काही उजळतं ते १००-१५० मिलिसेकंदात हळूच चढतं, म्हणजे सुरुवात नेमकी कुठे होती ते डोळ्याला पकडताच येत नाही. आणि पट्टीवरची जागा सरळ चित्राला जाते, ओएससीने, आवाजातून न जाता. सरकण्यात ऐंशी मिलिसेकंद मागे राहिलं तरी चित्र हाताच्या मागे ओढल्यासारखं दिसतं, ते उलट बरं दिसतं. विरणं मात्र आवाजातून. तर @चित्रकथी आणि @बर्लिनचा_वडापाव, दोघांनाही अर्धा अर्धा वाटा.

चित्रकथी

चढण हळू करायची युक्ती चोरतोय. चालतंय ना?

मांडवीकाठ

अंधारात पॅड सापडतात का गं? सपाट ॲक्रिलिकवर बोटाला काहीच खूण नसते, खाली बघत बसलं की प्रेक्षकाला वाटतं ही ईमेल बघतेय.

खर्ज

म्हणूनच एलईडी लावले होते, पण त्याने मान खालीच राहते. आता पॅडच्या कडेला ॲक्रिलिकवर बारीक खाचा पाडून घेणार आहे, लेझर कटिंगवाला करून देतो, आणि पट्टीवर सा आणि प च्या जागी एकेक उंचवटा. हातांवर वरून एक छोटा स्पॉट मागितलाय लाईटवाल्या काकांकडे, म्हणजे लोकांना पण हात दिसतील.

तीनपिन

तळहाताची पट्टी लावलीत का? निकाल सांगा की.

खर्ज

लावली. त्याच हॉलवर, तोच अर्थिंग नसलेला बोर्ड, एलईडी वॉल पूर्ण चालू, चार्जर लावून. आपोआप वाजणं बंद. चार्जर काढून पण स्पर्शाला लगेच ऐकतो. ॲक्रिलिक १.५ मिमी केलं, एलईडीला वेगळा सप्लाय दिला. दोन्ही हात उचलून फक्त एका बोटाने वाजवलं तर अजून थोडं बिनसतं, कारण तळहात टेकलेला नसतो. तो उपाय शोधतेय, बहुतेक पायाखाली एक पत्रा, तोच मेगाओहम लावून.

उशीर आधी २० ते ३५ च्या मधे कुठेही पडायचा, आता ८-९ वर आलाय आणि तिथेच राहतो. सगळ्यात जास्त फरक चिपच्या सॅम्पलिंगने आणि प्युअर डेटाच्या त्या डिलेच्या आकड्याने पडला.

पिकोफॅरड

पत्रा चालेल, पण अनवाणी किंवा पातळ मोजे घालून. जाड रबरी सोल असेल तर उपयोग कमी.

लयदार

पट्टीच्या दातेरी पॅटर्नची गर्बर फाईल (सर्किट बोर्ड बनवायला देतात ती) टाकणार का इथे? माझ्याकडे एक सतार शिकलेला मुलगा आहे, त्याला हे द्यायचंय, पण त्याला पट्टी अजून लांब लागेल, दीड सप्तक तरी.

खर्ज

टाकते, पण थांबा थोडं, दातांची खोली अजून बदलतेय, खोल दात केले की टोकाच्या इलेक्ट्रोडला आकडा कमी येतो. दीड सप्तक हवं असेल तर तीसच्या तीस चॅनल एकाच पट्टीला द्या, आणि त्याच्या बोटाची रुंदी मोजून कळवा, मी दातांची रुंदी माझ्या बोटावर बेतलीय.